चिमणीलाच फिल्टर लावून कार्बन पकडता येत नाही का? सोसायटीत वाद झालाय

घोडबंदर_सतरावा_मजला

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा बाळबोध वाटेल पण विचारतोच. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, वीस मजली बिल्डिंग. परवा सोसायटीच्या एजीएममध्ये गच्चीवर सोलर बसवायचा विषय निघाला, २५ किलोवॅटचं कोटेशन आलंय, लिफ्ट, पंप आणि पार्किंगच्या दिव्यांसाठी. पैशांवर बोलणं चाललं होतं तोवर ठीक होतं, पण मी शहाणपणा करून म्हटलं की कार्बन पण कमी होतो हो. झालं. चौदाव्या मजल्यावरचे काका उठले आणि म्हणाले, अरे गच्चीवर चार काचा लावून काय होणारे, सगळा कार्बन निघतो कोळशाच्या केंद्रातून, तिथे चिमणीलाच फिल्टर लावा की, गाडीला कॅटॅलिटिक असतो तसा, एका जागी काम फत्ते, घरोघरी कशाला नाटकं. अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला उत्तर सुचलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं.

कामानिमित्त वाशीचा खाडीपूल बऱ्याचदा ओलांडतो, तिथून ट्रॉम्बेच्या वीजकेंद्राची उंच चिमणी दिसते, कधीकधी पांढरं काहीतरी निघत असतं, आता ते दिसलं की काकाच आठवतात. तर खरंच का नाही लावत फिल्टर? की लावलाय आणि आपल्यालाच माहीत नाही? वीज क्षेत्रातलं कुणी असेल तर साध्या भाषेत सांगा, पुढची मीटिंग रविवारी आहे.

तलावपाळी_कट्टा

काकांना म्हणावं गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सीओटू (कार्बन डायऑक्साइड) पकडत नाही, उलट विषारी कार्बन मोनॉक्साइडचा सीओटू करून बाहेर सोडतो. बाकी जाणकार सांगतीलच, मी आपला वडापाव घेऊन बसलोय.

बी_शिफ्ट_निवृत्त

घोडबंदरवाले, काकांवर चिडू नका, आम्ही नोकरीला लागलो तेव्हा आम्हालाही असंच वाटायचं. एकतीस वर्षं औष्णिकमध्ये काढली, सगळी बॉयलर साइडला, आता खारघरला मुलाकडे असतो.

आधी ते पांढरं. ती बहुतेक वेळा वाफ असते. सीओटू डोळ्याला दिसतच नाही. आमच्या वेळी चिमणीतून काळं निघालं की कंट्रोल रूमचा फोन लगेच खणखणायचा, पण तेही सीओटू नव्हे, राख आणि न जळलेला कोळसा.

राखेचा फिल्टर आहेच, त्याला ईएसपी म्हणतात. एका इमारतीएवढी पेटी, आत पत्र्याच्या प्लेटा टांगलेल्या, मधे तारा, तारांना हजारो व्होल्ट. धूर आतून जाताना राखेच्या कणाला चार्ज बसतो, कण प्लेटेला चिकटतो, आणि वरून छोट्या हातोड्या ठक ठक पडत असतात त्यांनी राख झडून खाली हॉपरमध्ये. रात्रपाळीला त्या ठकठकीची इतकी सवय व्हायची की बंद पडली तर झोपलेला माणूस जागा व्हायचा (झोपायची परवानगी नव्हती हे वेगळं सांगायला नको). नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर राख पकडली जाते. पण राख म्हणजे कण आणि सीओटू म्हणजे वायू, तो तारांमधून सरळ निघून जातो, चार्जबिर्ज काही लागत नाही त्याला.

दुसरं एफजीडी, म्हणजे धुरातलं गंधक धुऊन काढणारं यंत्र. याच्यात लोकांची फार गल्लत होते. ते गंधकासाठी, कार्बनसाठी नाही. ट्रॉम्बेला समुद्राच्या पाण्याने धूर धुणारा एफजीडी १९८० च्या दशकापासून आहे, डहाणूच्या केंद्रालाही आहे. कार्बन तसाच जातो.

आता जरा आकडा बघा म्हणजे काकांना सांगता येईल. ५०० मेगावॅटचं जुन्या धाटणीचं युनिट (एक बॉयलर आणि त्याची टर्बाइन) फुल लोडला चाललं की आपला भारतीय कोळसा तासाला साधारण साडेतीनशे टन खातं, त्यात पस्तीस चाळीस टक्के नुसती राखच. आणि सीओटू निघतो तासाला पावणेपाचशे टनांच्या आसपास. घातलं त्यापेक्षा जास्त कसं निघालं असं सगळे विचारतात, तर १२ किलो कार्बनला हवेतला ३२ किलो ऑक्सिजन चिकटतो आणि ४४ किलो सीओटू होतो. म्हणजे मिनिटाला जवळजवळ आठ टन. राख सिमेंटवाले, विटावाले नेतात. हे दर मिनिटाचे आठ टन कोण नेणार आणि ठेवणार कुठे?

आमच्या हातात होतं ते इतकंच की तेवढ्याच विजेला कोळसा कमी जाळायचा. जुन्या बॉयलरला वर ड्रम असतो, पाणी आणि वाफ तिथे वेगळे होतात, कोळशातल्या शंभरातली पस्तीस ऊर्जा तारेत जाते, बाकी चिमणी आणि कूलिंग टॉवर. सुपरक्रिटिकलमध्ये प्रेशर २२१ बारच्या वर, तापमान ३७४ डिग्रीच्या वर, तिथे पाणी आणि वाफ असा भेदच उरत नाही म्हणून ड्रमही नाही. चाळीसच्या आसपास जाता येतं. कोराडीला ६६० ची तीन युनिटं अशीच आहेत, आणि मध्य प्रदेशात खरगोनला एनटीपीसीचं (केंद्र सरकारची वीज कंपनी) त्याच्याही पुढचं अल्ट्रा सुपरक्रिटिकल आहे, ते साडेएक्केचाळीस. पस्तीसचे चाळीस झाले की तेवढ्याच विजेला आठवा हिस्सा कोळसा वाचतो. ऐकायला कमी वाटतं पण फिल्टर नाही, गाडणं नाही, जाळलंच नाही त्यामुळे पकडायचा प्रश्नच नाही.

कोळशात पेंढ्याच्या, पऱ्हाट्यांच्या गोळ्या मिसळतात तेही आहे, पाच टक्के वगैरे. आमचे ज्युनिअर त्याला वैतागलेले असतात कारण कोळशाच्या मिलमध्ये तो भुसा लवकर पेट घेतो, आउटलेटचं तापमान जपत बसावं लागतं. पण चालतंय.

रबाळे_एमआयडीसी

काकांचा फिल्टर अस्तित्वात आहे, पण त्याला फिल्टर म्हणणं म्हणजे हत्तीला उंदीर म्हणण्यासारखं आहे. मी केमिकलवाला, आधीच्या नोकरीत एका खतांच्या प्लांटमध्ये अमाईन युनिटवर सहा वर्षं होतो, अमाईन म्हणजे सीओटूला धरून ठेवणारं रसायन. वायूतून सीओटू धुऊन काढायचं हे तंत्र १९३० पासूनचं आहे, नवीन काही नाही.

करतात असं की एका उंच कॉलममध्ये खालून वायू सोडायचा, वरून अमाईनचं पाणी, साधारण चाळीस डिग्रीला. अमाईन सीओटूला धरून ठेवतं. मग ते भरलेलं अमाईन दुसऱ्या कॉलममध्ये न्यायचं, वाफेने १२० डिग्रीपर्यंत तापवायचं, तिथे ते सीओटू सोडून देतं, शुद्ध सीओटू वरून निघतो आणि अमाईन परत पहिल्या कॉलमला. वास सुकटीसारखा, कपड्यातून जात नाही, बायको दारातच उभी करायची. आणि मूड बिघडला की कॉलममध्ये फेस येतो, रात्री तीन वाजता डीपी (कॉलमच्या खालच्या-वरच्या प्रेशरमधला फरक) वरखाली नाचायला लागला की समजायचं आली पंचाईत, आता अँटीफोम ओता.

खतांच्या प्लांटमध्ये वायू प्रेशरखाली असतो आणि त्यात सीओटू भरपूर असतो म्हणून काम सोपं. चिमणीच्या धुरात प्रेशर नाही आणि सीओटू फक्त १२ ते १४ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. गॅसवरच्या केंद्रात तर तीन चार टक्केच. एवढ्या पातळ वायूला धुवायचं म्हणजे कॉलम अवाढव्य आणि अमाईन नद्यांनी. आणि खरी मेख ती १२० डिग्रीची वाफ, ती आणायची कुठून, तर टर्बाइनमधूनच चोरायची. म्हणजे वीज करायची वाफ धुलाईला गेली. वर सीओटू दाबायला कॉम्प्रेसर. पाचव्या हिस्स्यापासून चौथ्या हिस्स्यापर्यंत वीज केंद्रानेच खाल्ली असं समजा, मग ती भरून काढायला अजून कोळसा जाळा. शिवाय धुरात गंधक राहिलं तर अमाईन खराब होतं, म्हणून काकांनी सांगितलेला एफजीडी (हे निवृत्त काका, चौदाव्या मजल्यावरचे नाहीत) आधी पाहिजेच. २०२५ च्या जुलैत केंद्राने बहुतेक औष्णिक केंद्रांना एफजीडीतूनच सूट दिलीये, तेव्हा पायाच नाही तर कळस कुठे बसवणार.

तरी जगात झालंय. कॅनडात बाउंडरी डॅमला २०१४ पासून ११० मेगावॅटच्या आसपासच्या एका युनिटवर आहे. टेक्सासमध्ये पेट्रा नोव्हा २०१७ ला सुरू झालं, पकडलेला सीओटू जुन्या तेलविहिरीत ढकलून जास्त तेल काढायचे, २०२० मध्ये तेलाचा भाव पडला तसं ते बंद, २०२३ ला परत सुरू. म्हणजे हवा स्वच्छ ठेवणारं यंत्र तेलाच्या भावावर चालतं, बघा गंमत. आणि मिसिसिपीत केम्परला कोळशाचा आधी गॅस करून त्यातून कार्बन काढायचा घाट घातला होता, साडेसात अब्ज डॉलरच्या घरात खर्च गेला आणि २०१७ मध्ये कोळशाचा नाद सोडून साध्या गॅसवर आले.

आपल्याकडे विंध्याचलच्या कोळसा केंद्राला एनटीपीसीने २०२२ मध्ये पकडायचा छोटा प्लांट लावला, दिवसाला २० टन, त्याचं मिथेनॉल करायचं. आयआयटी बॉम्बेलाही याच कामाचं राष्ट्रीय केंद्र आहे. काम चालू आहे, हसण्यावारी नेऊ नका, फक्त वय लहान आहे.

घोडबंदर_सतरावा_मजला

बापरे, एवढं सविस्तर, दोघांचे आभार. निवृत्त काकांचा आकडा धरून मी हिशोब केला, मिनिटाला आठ टन तर विंध्याचलचा दिवसभराचा २० टन म्हणजे एका ५०० च्या युनिटची अडीच मिनिटं??? काही चुकतंय का माझं?

आणि मग म्हटलं आपलाही करून बघू. २५ किलोवॅटचं सोलर दिवसाला साधारण १०० युनिट देतं असं वेंडर म्हणाला, वर्षाला ३६ हजार. ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो सीओटू असं वाचलं, म्हणजे वर्षाला २५ टन. म्हणजे आमची अख्खी गच्ची, वर्षभर, त्या युनिटची तीन मिनिटं. हे मीटिंगमध्ये सांगितलं तर काका मला गच्चीवरून खाली टाकतील.

बी_शिफ्ट_निवृत्त

बरोबर आहे हिशोब. अडीच मिनिटं म्हणजे कंट्रोल रूमला आलेला चहा निवेपर्यंत.

सरळसोट

मग झालं की, चौदाव्या मजल्याचे काकाच बरोबर. तीन मिनिटांसाठी गच्ची अडवायची, पापड वाळवायला जागा नाही. माझं मत, तारापूरसारखी अजून चार अणुकेंद्रं काढा, १९६९ पासून चालूये, धूर नाही काही नाही, ३ आणि ४ नंबरची युनिटं ५४० मेगावॅटची, रात्रंदिवस सारखी वीज. आणि कोळशाचा सीओटू पकडून जमिनीत गाडा, आपला सह्याद्री सगळा बेसॉल्ट, आइसलँडला बेसॉल्टमध्येच तर दगड केलाय त्यांनी सीओटूचा. दगड आपल्याकडे फुकट आहे.

रबाळे_एमआयडीसी

@सरळसोट दगड फुकट आहे, पाणी नाही. आइसलँडला सीओटू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडतात, तिथे दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त सीओटूचा खरंच दगड झाला, ते काम जबरदस्त आहे. पण एक टन सीओटूला २५ टनांच्या आसपास पाणी लागलं. एका ५०० च्या युनिटचे दिवसाचे अकरा हजार टन म्हणजे रोज साडेसत्तावीस कोटी लिटर. एप्रिल-मे मध्ये टँकर मोजणाऱ्या गावांना जाऊन सांगा तुम्ही. तारापूरबद्दल वाद नाही, अणुकेंद्र चालताना कार्बन जवळजवळ नाहीच, पण बांधायला किती वर्षं लागतात तेही बघा, घोडबंदरवाल्यांची मीटिंग रविवारी आहे.

उरणकर

आमच्या उरणच्या गॅस केंद्राचं कुणी नावच घेतलं नाही. ६७२ मेगावॅट, नवी मुंबईच्या उशाला. आधी गॅस टर्बाइन फिरते, तिचा जो पाचशे डिग्रीच्या वर गरम धूर निघतो तो फुकट न सोडता त्याच्यावर परत वाफ करून दुसरी टर्बाइन फिरवायची. अशा जोडीला कोळशाच्या निम्म्याहून कमी सीओटू. पण गॅस पुरेसा मिळत नाही म्हणून पूर्ण क्षमतेने चालत नाही. चूल आहे, सरपण नाही.

ऐरोली_लोड

मी ग्रिडच्या कामात आहे, कुठे ते विचारू नका, राज्याचं लोड डिस्पॅच सेंटर (कुठल्या केंद्राने कधी किती वीज द्यायची ते सांगणारं) ऐरोलीला ठाणे-बेलापूर रोडवर आहे एवढं सगळ्यांना माहीत असतंच. @घोडबंदर, दादा तुमचा तीन मिनिटांचा हिशोब बरोबर आहे पण तुम्ही मिनिटं मोजताय, मला विचाराल तर कुठली मिनिटं ते जास्त महत्त्वाचं.

२०२५ च्या मध्यात बातमी आली ना, देशातली निम्मी वीजक्षमता आता कोळसा-गॅससारख्या इंधनांशिवायची झाली, सोलर, पवन, जलविद्युत, अणू सगळं धरून. मग माझ्या सासूबाईंनी पण विचारलं, निम्मी झाली तर कोळसा निम्मा झाला का? नाही झाला. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून पाऊण हिश्श्याच्या आसपास आहे, कारण सोलरची क्षमता म्हणजे दुपारची क्षमता. संध्याकाळी सात वाजता लोक घरी येतात, एसी, मिक्सर, लिफ्ट, सगळ्यांच्या मोटारी एकदम, आणि सूर्य घरी गेलेला. ती वेळ कोळशावर निघते. आणि कोळशाचं युनिट म्हणजे गॅसची शेगडी नव्हे, दुपारी बंद करून संध्याकाळी पेटवली असं होत नाही, निवृत्त काका सांगतील, म्हणून दुपारीही ते कमी लोडवर जळत ठेवावं लागतं. आता ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणतात, ४० पर्यंत आणायचं ठरलंय.

बी_शिफ्ट_निवृत्त

ताईंनी दुखरी नस पकडली. कमी लोडला एफिशियन्सी पडते, एका युनिट विजेला कोळसा जास्त जातो, ज्वाला टिकवायला कधी तेल मारावं लागतं, आणि रोज वरखाली केलं की बॉयलरच्या नळ्या गळतात. माझ्या शेवटच्या वर्षांत दुपारी फोन यायचा लोड कमी करा, पाच वाजता फोन वाढवा वाढवा. म्हाताऱ्या बैलाला शर्यतीत पळवल्यासारखं.

ऐरोली_लोड

तेच. म्हणून मला विचाराल तर कार्बन कमी करायचं सगळ्यात कामाचं तंत्र म्हणजे दुपारची वीज संध्याकाळपर्यंत नेणं. बॅटऱ्या येतायत, स्वस्त होतायत. पण आपल्या जिल्ह्यात याहून जुनी गोष्ट आहे. भंडारदऱ्याला काजवे बघायला जाता, घाटघरला कोकणकड्यावर फोटो काढता, तिथे वरती जे शांत पाणी दिसतं ना ती बॅटरी आहे. घाटघर उदंचन प्रकल्प, २५० मेगावॅट, २००८ पासून. खालचा तलाव आपल्या शहापूर तालुक्यात चोंढ्याला. वीज जास्त झाली की खालचं पाणी वर चढवायचं, कमी पडली की तेच पाणी चारशे मीटरच्या वर उंचीवरून खाली सोडून टर्बाइन फिरवायची. घातलेल्या शंभर युनिटांतले ७५ ते ८० परत मिळतात. यंत्र तेच, उलटं फिरवलं की पंप. भिऱ्यालाही असं १५० मेगावॅटचं युनिट आहे, आणि टाटांनी २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार केलाय शिरवट्याला १८०० आणि भिवपुरीला १००० मेगावॅटचा. खोपोलीचं जलविद्युत केंद्र तर १९१५ चं. उंच घाट आणि पायथ्याला शहर, ही आपली खरी श्रीमंती आहे, बेसॉल्ट त्यासाठी वापरा.

सोलर नक्की लावा, पण नुसतं वर्षाचे किती टन एवढंच सांगू नका. तुमचा पंप किती वाजता चालतो ते आधी बघा.

घोडबंदर_सतरावा_मजला

ताई, एकदम डोक्यात दिवा पेटला. आमचा पंप वॉचमन काका बरोब्बर संध्याकाळी सातला लावतात! मी आत्ता खाली जाऊन विचारून आलो, का सातलाच, तर म्हणाले आठला ड्युटी बदलते, त्याआधी टाकी भरून द्यायची, बिल्डर असल्यापासून तशीच पद्धत आहे.

मग मला वाटलं आपली वरची टाकी पण घाटघरच आहे की, ५० हजार लिटर, साठ मीटर उंचीवर. रात्री खाली येणाऱ्या पाइपात छोटी टर्बाइन लावली तर?

रबाळे_एमआयडीसी

हाहा, गुणाकार करा. ५० हजार किलो गुणिले ९.८ गुणिले ६० मीटर, म्हणजे आठ युनिट. टर्बाइनचा तोटा धरून साडेसहा. अख्खी टाकी रिकामी करून एक गिझर तीन साडेतीन तास. वर नळाला प्रेशर नाही म्हणून सोळाव्या मजल्याच्या वहिनी तुमच्या दारात. घाटघर चालतं कारण तिथे टाकी नाही, तलाव आहे.

ऐरोली_लोड

टर्बाइन नको, पण कल्पना अर्धी बरोबर आहे. टाकी भरायला आठ युनिटांचं काम, पंप-मोटारीचा तोटा धरला तर प्रत्यक्षात पंधरा सोळा युनिट जातात. ते सात वाजता खर्च करण्याऐवजी दुपारी बाराला केले की तुमच्याच गच्चीवरच्या सोलरमधून गेले, आणि सातला एका पंपाचा लोड ग्रिडवरून उतरला. म्हणजे वीज साठवली नाही, पाणी साठवलं. घोडबंदर रोडला टॉवर किती आहेत मोजा आणि सगळ्यांचे पंप सातला चालू होतात हे डोळ्यासमोर आणा.

काकांना हे सांगा, तीन मिनिटं नका सांगू. आणि पंतप्रधान सूर्यघर योजनेत हाउसिंग सोसायटीला कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार सबसिडी आहे, २५ किलोवॅटला साडेचार लाख, ते आधी सांगा. टाळ्या तिथेच पडतील.

सरळसोट

आणि पापड?

ऐरोली_लोड

२५ किलोवॅटला अडीच हजार चौरस फूट लागेल. स्टँड सात आठ फूट उंच घ्या, खाली माणूस उभा राहतो. पापड कडेच्या उन्हात.

घोडबंदर_सतरावा_मजला

रविवारसाठी मुद्दे झाले. पंपाला टायमर लावून टाकू, इलेक्ट्रिशियन दोन हजार म्हणाला. दुपारी बारा ते दीड.

बी_शिफ्ट_निवृत्त

टायमर लावा पण त्याआधी वर चढून टाकीचा फ्लोट स्विच (टाकी भरली की पंप बंद करणारा) हलवून बघा. आमच्या सोसायटीत टायमर लावला, फ्लोट गंजून अडकलेला होता, रोज दुपारी अर्धा तास गच्चीवरून धबधबा. वॉचमन डोळ्याने बघून बंद करायचा ते त्याचं काम यंत्राला दिलं पण डोळा द्यायचा राहिला. आणि खालच्या टाकीत पालिकेचं पाणी किती वाजता येतं तेही विचारा, बाराला ती रिकामी असेल तर मोटर कोरडी चालून जळेल.

घोडबंदर_सतरावा_मजला

पाणी पहाटे पाचला येतं, बघितलं. फ्लोट उद्या बघतो, गच्चीची किल्ली चौदाव्या मजल्याच्या काकांकडेच आहे.